डबा तसाच आला

आमच्या बँडचं नाव 'बोंब'. होळीला पालथ्या हातानं तोंडावर मारतात ना, तीच. पंक म्हणजे काय हे मला लातुरात आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही आणि आता मी सांगायचंच सोडलंय. तीन-चार सूर, फुल आवाज, आणि पोटात जे दुखतंय ते सरळ तोंडावर. संपलं. लोक म्हणतात, हे काय गाणं झालं का, नुसतं ओरडणं. हो बाबा, ओरडणंच आहे. तुमच्याकडं ओरडण्यासारखं काही नसेल तर तुम्ही नशीबवान, घरी जा अन् झोपा.

तिघं आहोत आम्ही. शिवम गिटार वाजवतो. मल्लेशचे वडील लग्नाच्या बँडबाज्यात होते, त्यामुळं तो ड्रमवर बसला की अजूनही वरात निघाल्यासारखं त्याच्या अंगात येतं. मी सुकन्या. गाणी मी लिहिते आणि मीच गाते. दिवसा लातुरात एका दुकानात फ्लेक्स डिझाइन करते. वाढदिवसाचे, निकालाचे, कुणी वारलं की भावपूर्ण श्रद्धांजलीचे. फुलं तीच, फक्त फोटो आणि मजकूर बदलायचा.

गेल्या वर्षी आम्ही अल्बम काढला, 'आवाज कमी कर'. घरचे, शेजारचे, घरमालक, सगळे आम्हाला हेच एक वाक्य ऐकवत आलेत, म्हणून नावही तेच. शिवमच्या मामांचं एमआयडीसीत सोयाबीनचं गोडाऊन रिकामं पडलं होतं. तिथं भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या आणि महिनाभर घसा फाडला. बाकीची गाणी रागाची आहेत. शेवटचं तेवढं संगमेशचं.

संगमेश माझा धाकटा भाऊ. आम्ही औशाचे. तो लातूरला मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला होता, रोज मोटारसायकलवर ये-जा. पौष महिन्यातली सकाळ, रस्त्यावर धुकं, आणि रस्त्यात उसाची ट्रॉली उभी. मागं ना दिवा ना काही. गेलं माझं पोर जागच्या जागी. पोरच म्हणते मी त्याला, माझ्याच कडेवर वाढलेला तो.

मी तेव्हा नांदेडला होते. आदल्या दिवशी एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा कार्यक्रम होता, मुक्काम तिथंच. निरोप कळून, गाडी मिळून निघेपर्यंत दुपार टळली. आमच्यात बसवून पुरतात, आणि दिवस मावळायच्या आत माती उरकायची म्हणून सगळ्यांची घाई. चुलतभावानं माझ्यासाठी व्हिडिओ कॉल लावला, पण रेंज जायला लागली, म्हणून मग त्यानं नुसतं शूटिंग करून पाठवलं. अहमदपूरच्या पुढं एका काळी-पिवळी जीपमध्ये, दोन अनोळखी बायकांच्या मधे दाटीवाटीनं बसून मी माझ्या भावाची माती मोबाईलवर बघितली. विभूती लावून, हार घालून, खुर्चीत बसवला होता. डोळे उघडून 'काय गं ताई' म्हणेल असा.

आणि त्याच्या पायाशी अव्वा. आईला आम्ही अव्वाच म्हणतो, कर्नाटक जवळ, त्यामुळं घरात असे शब्द आहेत. अव्वाचं नाव शरणम्मा. आमच्याकडच्या बायका नुसत्या रडत नाहीत, बोलत रडतात, आणि त्यात अव्वाचा हात कुणी धरणार नाही. औशापासून निलंग्यापर्यंत नात्यात कुठंही मयत झाली की पहिला प्रश्न, शरणम्मा आल्या का? अव्वा उंबऱ्यातूनच सूर धरायची. गेलेल्या माणसानं काय खाल्लं, काय सोसलं, कुणी त्याला पाण्याला विचारलं नाही, सगळं त्या सुरात यायचं. मग कोरड्या डोळ्यांनी बसलेल्यांचेही बांध फुटायचे. दुसऱ्यांसाठी एवढं रडलेली बाई, आपल्या लेकासाठी कशी रडली असेल ते तुम्हीच समजा.

संगमेशच्या गाडीला अडकवलेला डबा लोकांनी त्याच्याबरोबर घरी पोचवला होता. पिशवी फाटली होती, डबा मात्र उघडलेलाही नाही. अव्वा तो मांडीवर घेऊन बसली होती.

"डबा तसाच आला रे माझ्या लेकरा, भाकर मोडली न्हाई. कुनाच्या घरी जेवलास रे, उपाशी कसा निघालास..."

इथं व्हिडिओत मागून आप्पांचा आवाज येतो. माझे वडील, बसलिंगप्पा, औशात त्यांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, "बास कर आता, दिवस मावळाय लागलाय." आणि चौघं पुढं होऊन त्याला उचलतात. अव्वाचं वाक्य अर्ध्यातच राहतं.

ते अर्धं राहिलेलं वाक्य मी गाण्यात घेतलं. आधी अव्वाचं रडणं, मग आप्पांचं 'बास कर', आणि त्या शब्दावर मल्लेशचा ड्रम. अव्वाला कानात इअरफोन घालून मी ते आधी ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, राहू दे, त्याचं नाव राहील. अल्बम ऐकला आमच्यासारख्याच शे-दोनशे येड्यांनी. त्यांच्यातल्या कुणी कधी त्या गाण्याची टिंगल केली नाही, उलट एका पोरानं परभणीहून फोन करून नुसतं रडून ठेवून दिला.

घरी अव्वाचं रडणं थांबलं नव्हतं, पण त्याची आम्हाला सवय झाली होती. सकाळी भाकरी थापताना ती बारीक आवाजात त्याच सुरात संगमेशशी बोलायची. सुरुवात डब्यापासूनच, मग गावची खबर. तुझा दोस्त येऊन गेला बघ, तुझ्या गाडीचे कागद अजून पोलिसांतच हायत, तुझी ताई वाळून चाललीय. आप्पा दुकानाला निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी जरा थबकायचे आणि ऐकून मग जायचे. त्या घरात संगमेश एवढाच उरला होता, रोज सकाळी भाकरीच्या वेळेला.

मग आला श्रीशैल. मूळचा देगलूरचा, आता मुंबईत पिक्चरचा दिग्दर्शक. बोलायला गोड, पाया पडायला पुढं. आपल्याच भागावर पिक्चर करतोय म्हणाला, तुमचा अल्बम ऐकून झोप उडाली म्हणाला. गोडाऊनमध्ये आमच्या गादीवर मांडी घालून बसला आणि चार गाणी मागितली. शिवमला तर काय करू अन् काय नको झालं. मी पण खूश झाले, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं गोडाऊनमध्ये ओरडलो, पहिल्यांदाच कुणी दार वाजवून म्हणत होतं, जरा मोठ्यानं ओरडा.

चौथं गाणं संगमेशचं होतं. पिक्चरमध्ये हिरोचा भाऊ मरतो आणि त्याची आई रडते, त्या सीनवर श्रीशैलला अव्वाचा आवाज हवा होता. पण मोबाईलवरचं चालणार नाही, मागं गाडीचा हॉर्न आहे, माणसं बोलतात. स्वच्छ पाहिजे. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, काकू परत एकदा करतील का?

मी त्याला म्हणाले, ऊठ इथनं. आणखीही बरंच म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा चप्पल घालून बाहेर जाऊन उभा राहिला. शिवम माझ्यावर धावून आला की तू काय एकटीनं बँड काढलास का. मल्लेश शांत माणूस, तो फक्त एवढंच म्हणाला की रडणं काकूंचं आहे, नाही म्हणायचं तर त्या म्हणतील, तू कोण? हे मला लागलं, कारण खरं होतं. मी म्हटलं, चला, विचारते. अव्वा त्याला दारातही उभं करणार नाही याची मला खात्री होती.

अव्वा ओसरीवर दुकानासाठी तूर निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, येते.

मी चिडले. म्हटलं, तुला कळतंय का अव्वा, ते तुला स्टुडिओत माईकसमोर बसवून रडायला लावणार, पिक्चरसाठी.

"कळतंय की. त्या दिवशी मला पुरं रडू दिलं न्हाई कुनी," अव्वा म्हणाली. "अर्ध्यात उचललं माझं लेकरू. तिथं तर कुनी बास म्हननार न्हाई ना?"

आप्पा ओसरीला लागूनच्या दुकानातून सगळं ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

एक गोष्ट मात्र अव्वानं आणि मी दोघींनी मिळून ठरवली. संगमेशचं नाव घ्यायचं नाही. आमच्यात रडताना नावाला फार मान. नाव घेऊन रडलं की गेलेलं माणूस ऐकतं म्हणतात, नाव नसलं तर ते नुसतं गाणं, वाऱ्यावर. अव्वा म्हणाली, त्यांच्या पोराचं नाव घेईन, म्हंजे ते त्यांचं झालं, आपला आपल्यापाशी. मला हे इतकं पटलं की मी श्रीशैलला तीच अट घातली. त्यानं लगेच हो म्हटलं. आम्हाला वाटलं, नाव काढून घेतलं म्हणजे पोराला घरी ठेवलं. काय अक्कल आमची.

नांदेडला एक स्टुडिओ होता, एरवी तिथं भक्तिगीतं आणि लग्नपत्रिकांचे व्हिडिओ व्हायचे. अव्वा धुतलेलं लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून आली. आत काचेच्या खोलीत तिला खुर्ची दिली, ती म्हणाली खाली बसते. माईक खाली आणला. तिनं श्रीशैलला विचारलं, पोराचं नाव काय, काय काम करायचं, लग्न झालं होतं का. मयतीच्या घरी विचारतात तसंच. त्यानं सांगितलं, अभी, पोलीस भरतीची तयारी करत होता. अव्वानं मान हलवली, पदर डोक्यावर घेतला आणि सूर धरला.

"डबा तसाच आला रे माझ्या अभी..."

त्यांना अर्ध्या मिनिटाचं हवं होतं. अव्वा किती वेळ रडली मला ठाऊक नाही. भरतीच्या मैदानावर धावायचास रे, आता कुठं धावत गेलास, इथपासून पार पाळण्यातल्या तापापर्यंत गेली. तो ताप अभीला आला नव्हता, संगमेशला आला होता, मी त्याच्या उशाशी बसले होते. काचेच्या अलीकडं श्रीशैल हमसाहमशी रडत होता, मल्लेश बाहेर निघून गेला. कुणीच बास म्हणालं नाही. शेवटी अव्वाच थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. मला वाटलं, बरं झालं, मोकळी झाली बिचारी.

पिक्चर आला. आमच्या गाण्यांना त्यांनी व्हायोलिनं लावली होती. जिथं मी शिवी दिली होती तिथं शिट्टी. अल्बमच्याच नावाचं जे गाणं होतं त्याच्यावर हिरो बुलेटवरून येतो आणि पोरी वळून बघतात. म्युझिक कंपनीनं अल्बम परत बाजारात आणला, वर हिरोचा फोटो, 'चित्रपटातील गाणी', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात आमचं नाव. मी असला फ्लेक्स केला असता तर मालकानं मला कामावरून काढलं असतं. पण अव्वाचं रडणं त्यांनी नीट ठेवलं होतं, कशाला खोटं बोलू. लातूरच्या थेटरात त्या सीनला माणसं मुसमुसत होती. शिवमनं अभिमानानं सगळीकडं टाकलं की हा आवाज आमच्या सुकन्याच्या आईचा, औशाच्या शरणम्मांचा.

मग ते मोबाईलवर आलं. पहिली कुणीतरी पुण्याकडची बाई होती. नवऱ्याच्या डब्यातली कारल्याची भाजी तशीच परत आलेली, आणि ती डबा छातीशी धरून, तोंड वेडंवाकडं करून अव्वाच्या आवाजावर ओठ हलवतेय. लोक हसून हसून लोळले. त्याच्यानंतर थांबायचं नाव नाही. ऑफिसातले बाप्ये, शाळेतली पोरं, मिशीवाला एक हवालदार. कुणाचं पार्सल परत आलं, कुणाची मॅच हरली, कुणाला पोरीनं नाही म्हटलं, लाव अव्वाचं रडणं. कुणीतरी त्याला डीजेचा ठेका लावला आणि गणपतीच्या मिरवणुकीत औशाच्याच रस्त्यावर, आमच्या दुकानासमोर, पोरं त्याच्यावर कंबर हलवत गेली. आप्पांनी शटर ओढलं आणि आत अंधारात बसून राहिले.

अव्वाला आधी समजलंच नाही. शेजारणीनं मोबाईल दाखवला तेव्हा तिनं मला विचारलं, ही बाई कुनासाठी रडायलीय? मी म्हटलं, कुणासाठी नाही अव्वा, गंमत करायलीय. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं. मग उठून चुलीकडं गेली.

मी श्रीशैलला फोन केला. तो म्हणाला, ताई, हे आता माझ्या हातात नाही, ते कंपनीचं आहे. आणि वाईट का वाटून घेता, काकूंचा आवाज घराघरात पोचला. मी त्याला जे बोलले त्याच्या निम्म्यातही कुणी फोन ठेवला असता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सॉरी म्हणाला. त्याच्या सॉरीचं मी काय करू, लोणचं घालू?

त्यानंतर काही दिवसांनी निलंग्याहून निरोप आला. अव्वाची मावसबहीण गंगम्मा वारली. आम्ही एसटीनं गेलो. दारात माणसं, आत बायकांचा गराडा, मधे गंगम्मा मावशीला बसवलेलं. अव्वाला बघून बायकांनी नेहमीसारखी वाट करून दिली. गंगम्माची लेक मंजुश्री, सकाळपासून डोळ्यांतून टिपूस नाही म्हणत होते, ती उठली आणि येऊन अव्वाच्या गळ्यात पडली. सगळ्या बायका पदर सावरून बसल्या, आता शरणम्मा सुरू करणार.

अव्वानं सूर धरला. "गंगे गं..." एवढंच. शब्द वेगळे होते, माणूस वेगळं होतं, पण सूर तोच, तिचा स्वतःचा. आणि दाराजवळून फिसकन आवाज आला. कुणी पोरगं नव्हतं, चांगली लेकुरवाळी बाई होती, पदर तोंडात कोंबून खांदे हलवत होती. हसू आवरत नव्हतं तिला. तिच्या शेजारणीनं तिला चिमटा काढला आणि तिलाच हसू फुटलं. मयतीच्या घरातलं हसू फार वाईट, दाबावं तितकं पसरतं. मी बघत होते, ओळीनं बायका ओठ घट्ट मिटून खाली बघायला लागल्या.

अव्वा थांबली. मंजुश्रीला काही कळलं नव्हतं, ती गळ्यात पडूनच म्हणाली, "रड की मावशी." अव्वा नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी कुण्या दुसऱ्याच म्हातारीनं सुरुवात केली. माझ्या गळ्यात सगळं निलंगा गोळा करण्याइतकं बळ आहे, आणि मला त्या दोघींना झिंज्या धरून उठवावंसं वाटत होतं. पण मयत समोर बसलेली. मी दात खाऊन बसून राहिले.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. औसा जवळ येईपर्यंत अव्वा खिडकीतून बाहेर बघत होती. मग बाहेरच बघत म्हणाली की सकाळी भाकरी थापताना आता तिला काही येत नाही. हे मला माहीत होतं. मिरवणूक झाल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात नुसता थापण्याचा आवाज असतो. आप्पा दाराशी थबकतात, वाट बघतात आणि जातात.

"डबा म्हनलं की ते पोरं नाचताना दिसत्यात मला," अव्वा म्हणाली. "संगमेश दिसत न्हाई."

मी तिचा हात धरला. 

"तू गानी लिहितीस नव्हं? मग मला दुसरं काहीतरी लिहून दे, सुकन्या. त्याच्याशी बोलायला. कुनाला कळनार न्हाई असं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? शिवमचे फोन येतात, आणखी दोन पिक्चरवाले विचारतायत म्हणतो. मी उचलत नाही. दुकानातून आले की कागद घेऊन बसते. आतून अव्वाचा आवाज येतो, झालं का गं? आतापर्यंत कागदावर नुसत्या शिव्या उतरल्यात, पानंच्या पानं. आईनं लेकाला हाक मारावी अशी एक ओळ मला अजून सुचलेली नाही.